भिंतीवरचे तीन सेकंद

५,२४,२८८ बाइट. ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळात भिंतीवर आपलं स्वतःचं चित्र उमटवायचं असेल, तर त्याची फाइल एवढ्यात बसली पाहिजे. म्हणजे बरोबर ५१२ किलोबाइट, अर्धा एमबी. आज मोबाइलवर सहज काढलेला फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट भरतो. आणि इथे गोष्ट एका फोटोची नाही. सिनेमातला, सामन्यातला किंवा घरच्या व्हिडिओतला एक छोटा तुकडा उचलायचा, तो एवढ्याशा जागेत बसवायचा, आणि गोळ्या चुकवत पळणाऱ्या अनोळखी माणसाला तो लांबून एका नजरेत कळला पाहिजे, असं हे काम आहे.

या चित्राला खेळाडू ‘स्प्रे’ म्हणतात. खेळताना कीबोर्डवरची ‘टी’ ही कळ दाबली की फवारणीचा आवाज होतो आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीवर, कधी दारावर आपलं चित्र उमटतं. त्याने गुण मिळत नाहीत, गोळ्या वाढत नाहीत, जिंकायला काडीचीही मदत होत नाही. एका खेळाडूचं एका वेळी एकच चित्र. दुसरीकडे फवारलं की पहिलं पुसलं जातं. तरीही गेली पंचवीसहून अधिक वर्षं जगभरची माणसं या चित्रांसाठी रात्री जागवत आली आहेत. स्थिर चित्रांपासून सुरुवात झाली, मग ती हलायला लागली, आणि हलत्या चित्राला स्पष्ट ठेवण्याची एक वेगळीच कारागिरी तयार झाली. छपाई आणि ॲनिमेशन यांच्या सीमेवरची ही कारागिरी आहे असं मी मानतो, आणि तिची नोंद कुणीतरी नीट करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावात झाली. मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ साली तिथे ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी काढली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांचा पहिला खेळ आला: ‘हाफ-लाइफ’. त्यात खेळाडूला आपलं चिन्ह निवडता यायचं. लॅम्डा हे ग्रीक अक्षर, कवटी, हसरा चेहरा अशी काही तयार चिन्हं खेळासोबत होती. पण चिन्ह ज्या फाइलमध्ये साठवलं जातं ती फाइल बाहेरून बदलता येते हे लोकांना लवकरच कळलं. मग त्यांनी स्वतःची चित्रं घातली, आणि खेळाने ती पुन्हा पुसून टाकू नयेत म्हणून त्या फाइलला ‘रीड ओन्ली’ करून ठेवलं.

त्या काळच्या अटी आज वाचल्या तर छातीत धडकी भरते. चित्राची रुंदी गुणिले उंची १२,२८८ ठिपक्यांच्या वर जाता कामा नये. म्हणजे ९६ बाय १२८ घ्या, नाहीतर ६४ बाय १९२. दोन्ही बाजू १६ च्या पटीत हव्यात. रंग फक्त २५६, आणि त्यातला शेवटचा गर्द निळा. जिथे तो निळा तिथे भिंत आरपार दिसणार. हलणं वगैरे काही नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ याच पायावर उभा राहिला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’वर चढवलेला तो जोडखेळ होता, २००० साली व्हॉल्व्हने तो स्वतःच्या नावाने दुकानात आणला.

आपल्याकडे स्प्रे पोचला तो याच खेळातून. दोन हजारच्या दशकात पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात सायबर कॅफे होते, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला आठ-दहा मशिनं लॅनने जोडलेली असायची आणि शाळा-कॉलेज सुटलं की तिथे ‘सीएस’ सुरू व्हायचं. कॅफेत स्प्रे माणसाचा नसायचा, मशीनचा असायचा. कोपऱ्यातल्या मशीनवर बसलात तर तुमच्या नावावर कवटी उमटणार, खिडकीपाशी बसलात तर कुणीतरी घालून ठेवलेला सिनेमाचा हिरो. ‘डस्ट २’ या नकाशातल्या पिवळ्या भिंतीवर कुठलं चित्र आलं यावरून समोरचा कुठल्या खुर्चीत बसलाय हे ओळखू यायचं आणि तिकडे वळून शिव्या घालता यायच्या. ती चित्रं धूसर होती, कडा फाटलेल्या होत्या, चेहरे अंदाजाने ओळखावे लागत. पण आपल्या हाताने घातलेलं काहीतरी सगळ्यांच्या पडद्यावर एकदम दिसतं, हा अनुभव आमच्यापैकी पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा तिथेच आला. त्या काळात स्वतःचं चित्र दहा जणांना दाखवायचं म्हणजे प्रिंट काढायला लागायची.

२००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ आला, सोबत ‘काउंटर-स्ट्राइक: सोर्स’. नव्या इंजिनाचं नाव ‘सोर्स’, आणि त्याने चित्रांसाठी आपला वेगळा प्रकार आणला: व्हीटीएफ. या फाइलमध्ये एकामागे एक अनेक चित्रं ठेवता येतात. भिंतीवर ती ओळीने उलटत जातात, शेवटी पोचली की पुन्हा पहिल्यापासून. स्प्रे हलायला लागला.

आता व्हीटीएफच्या पोटात काय चालतं ते जरा जवळून पाहू, कारण स्पष्टतेची सगळी लढाई तिथेच लढली जाते. यात चित्र दाबण्याची जी पद्धत सर्वाधिक वापरतात तिचं नाव डीएक्सटी-१. मूळची ती एस-थ्री या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीची, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. ती चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात सोळा ठिपके. या सोळांसाठी ती फक्त दोन रंग साठवते, आणि त्या दोघांच्या मधले दोन रंग हिशोबाने काढते. झाले चार रंग. मग प्रत्येक ठिपक्याला सांगायचं की चारांपैकी तू कुठला. सगळं मिळून आठ बाइट. लहान मुलीला चारच रंगांची चिमूट देऊन सोळा ठिपक्यांची रांगोळी भरायला सांगावी, तसा हा प्रकार आहे. शेजारच्या तुकड्याला वेगळे चार रंग मिळतील, पण या तुकड्यात पाचवा रंग हवा असेल तर तो नाही. आणि चित्राला आरपार पार्श्वभूमी हवी असेल, तर कडेवरच्या तुकड्यांत एक जागा ‘काहीच नाही’ला द्यावी लागते, रंग उरतात तीन. कापून काढलेल्या आकृतीच्या कडा स्प्रेमध्ये करवतीसारख्या दिसतात त्याचं मोठं कारण हे. अनुभवी माणसं म्हणून आकृतीभोवती मुद्दाम एक जाडसर काळी किंवा पांढरी रेघ देतात. तीन रंगांत रेघ नीट बसते, केस बसत नाहीत.

या आठ बाइटांवरून सगळं गणित सुटतं. २५६ बाय २५६ चं एक चित्र म्हणजे ४,०९६ तुकडे, म्हणजे ३२,७६८ बाइट. अशी सोळा चित्रं घेतली तर बेरीज येते ५,२४,२८८. मर्यादेला तंतोतंत! पण फाइलच्या डोक्यावर थोडी माहितीही लिहावी लागते, तिला जागा उरत नाही, म्हणून चित्रं मिळतात पंधरा. सोर्स इंजिन स्प्रेची चित्रं सेकंदाला पाच या गतीने उलटतं. पंधरा भागिले पाच: तीन सेकंद. आकार निम्मा केला, १२८ बाय १२८, तर त्रेसष्ट चित्रं मिळतात, बारा सेकंदांहून थोडी जास्त हालचाल. पण चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा बारीक होतो. उलट ५१२ बाय ५१२ घेतलं तर तीनच चित्रं. हालचाल हवी की बारकावा, याचा सौदा प्रत्येकाला करावा लागतो. ज्यांना हालचाल नकोच, त्यांनी याच गणितातून एक सुंदर पळवाट काढली. १०२४ बाय १०२४ चं एकच चित्र घेतलं तर तेही नेमकं मर्यादेवर जाऊन आदळतं. मग उंचीतून चार ठिपके कापायचे: १०२४ बाय १०२०. तुकड्यांची एक रांग कमी, २,०४८ बाइट मोकळे, डोक्यावरची माहिती त्यात आरामात बसते. जिथे शक्य तितकं मोठं, स्थिर चित्र हवं असतं तिथे हेच चमत्कारिक माप वर्षानुवर्षं वापरात आहे.

पंधरा चित्रं आणि तीन सेकंद हातात असताना काय करता येतं ते दाखवण्यासाठी मी एक उदाहरण मुद्दाम आपल्या मातीतलं निवडलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९ चा. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं आहे, आणि चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव कॅमेऱ्याने जवळून टिपले आहेत. सात वर्षांच्या मुलीचा हा अभिनय पाहताना आजही हात थांबतो. स्प्रेला याहून चांगला कच्चा माल मिळणं कठीण: एक चेहरा, साधी पार्श्वभूमी, आणि लांबूनही वाचता येईल असा बदल. भाच्याला सोबत बसवलं. तो विशीतला, खेळातला मुरलेला, आणि फाळके त्याला नावापुरतेच माहीत.

पहिली अडचण लगेच आली. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण सोळा चित्रं. त्याचा व्हिडिओ करताना सेकंदाला पंचवीस करावी लागतात. ही वरची नऊ येतात कुठून? काही ठिकाणी एकच चित्र दोनदा येतं, आणि काही ठिकाणी दोन शेजारची चित्रं एकमेकांत मिसळून एक तिसरंच बनवलेलं असतं. चालत्या व्हिडिओत हे कळत नाही. एकेक चित्र सुटं करून पाहिलं की मंदाकिनीला चार डोळे दिसतात, अर्धे मिटलेले आणि अर्धे उघडे. असं मिसळलेलं चित्र स्प्रेमध्ये गेलं की सगळा चेहरा धुरकट होतो आणि मग कितीही धार काढली तरी उपयोग नसतो. म्हणून सुरुवात निवडीपासून. ‘एफएफएमपेग’ या मोफत साधनाने व्हिडिओची सगळी चित्रं पीएनजी फाइलींत सुटी केली, ओळीने लावली, आणि मिसळलेली सगळी बाजूला काढली. जी दोनदा आली होती ती मात्र उपयोगी पडली: दोघांची सरासरी काढली की व्हिडिओ दाबताना आलेला बारीक कचरा कमी होतो.

मग दोन शस्त्रक्रिया, दोन्ही जुन्या फिल्मच्या खास. कॅमेऱ्यात फिल्म प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी थांबत नसे, त्यामुळे चित्र किंचित डोलतं. सेकंदाला पाचच्या गतीत हे डोलणं उड्यांसारखं दिसतं. नाकाच्या शेंड्यावर खूण धरून सगळी चित्रं एका जागी आणली. आणि हात कमी-जास्त वेगाने फिरला की उजेडही कमी-जास्त पडतो. तोही प्रत्येक चित्रात समान केला. ही दोन कामं केली नाहीत तर डीएक्सटी प्रत्येक चित्रात तुकड्यांचे रंग वेगळे निवडतं आणि स्थिर असायला हवा तो गालसुद्धा खदखदत राहतो.

आता पंधरा निवडायची. सोपा रस्ता म्हणजे दर तिसरं चित्र उचलणं. सोळाला तीनने भागलं की पाच आणि थोडं वर, वेगही खरा राहतो. तसं करून पाहिलं, आणि हसू नेमकं जिथे फुलतं ते चित्र दोन उचललेल्या चित्रांच्या मधे निसटलं होतं. भाचा म्हणाला, “मामा, मोजून नको घेऊस. जिथे तोंड बदलतंय तिथे जास्त घे, बाकीकडे कमी.” ॲनिमेटर जन्मभर हेच करतात. पण इथे एक जास्तीची गोष्ट सांभाळावी लागते: व्हीटीएफमध्ये थांबण्यालाही तेवढेच बाइट पडतात. चेहरा एक सेकंद स्थिर ठेवायचा असेल तर तेच चित्र पाच वेळा पूर्ण किमतीला घालावं लागतं, कारण सारखी चित्रं ओळखून जागा वाचवण्याची सोयच या प्रकारात नाही. आम्ही तीन चित्रं गंभीर चेहऱ्याला दिली, पाच बदलाला, चार हसऱ्या चेहऱ्याला, आणि परत गंभीर होण्याला तीन. पळता पळता पाहणाऱ्याला निदान एक भाव पुरा दिसायला हवा, म्हणून हसण्यावरचा चार चित्रांचा खर्च मला पटतो.

चौकोनी कापताना खांदे, पडदा, आजूबाजूचं सगळं सोडून दिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एवढंच ठेवलं. २५६ ठिपक्यांत पूर्ण माणूस बसवला तर डोळ्याला चार-पाच ठिपके येतात. नुसता चेहरा घेतला तर तोच डोळा चाळीस ठिपक्यांचा होतो. स्प्रे धूसर का दिसतो याच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त दोष मला इथेच आढळतो: साधनं, फिल्टर, आकडे यांवर सगळे तासन् तास बोलतात आणि चौकट मात्र व्हिडिओची आहे तशीच आडवी ठेवतात. लहान करताना लँक्झोस किंवा बायक्युबिक पद्धत वापरावी आणि धार त्यानंतर, अगदी हलकी द्यावी. आधी धार देऊन मग लहान केलं तर दिलेली धार वाहून जाते आणि तिची पांढरी किनार तेवढी उरते.

कृष्णधवल चित्राने शेवटी एक सुंदर गंमत केली. डीएक्सटी आपले दोन मूळ रंग सोळा बिटांत लिहितं: लालला पाच, निळ्याला पाच, हिरव्याला सहा. म्हणजे लाल-निळ्याच्या ३२ पायऱ्या आणि हिरव्याच्या ६४. राखाडी रंगाला तिन्ही समान लागतात, आणि पायऱ्या जुळत नाहीत. परिणाम असा की मंदाकिनीच्या गालावर कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक आली. याला उपाय शोधताना आम्ही त्या काळच्याच रिवाजापाशी पोचलो. मूकपटांच्या जमान्यात फिल्म रंगात बुडवून काढायची पद्धत जगभर होती. रात्रीच्या प्रसंगाला निळा, दिवसाला पिवळसर. सगळ्या पंधरा चित्रांना तांबूस पिवळी छटा दिली आणि हिरवट डाग तिच्यात विरून गेले.

या सगळ्यात आम्ही एक गोष्ट कटाक्षाने टाळली: मधे कुठेही जिफ केलं नाही. याबद्दल जरा आग्रहाने सांगतो, कारण व्हिडिओतून स्प्रे करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक नवखा हाच रस्ता धरतो. आधी व्हिडिओचं जिफ, मग जिफचं व्हीटीएफ. सोपं पडतं, कारण जिफ बनवणारी साधनं पैशाला पासरी मिळतात. पण जिफ हा १९८७ सालचा प्रकार, कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली तयार झालेला, आणि एका चित्रात त्याच्यापाशी रंग असतात फक्त २५६. उरलेल्या रंगांचा भास तो ठिपके शिंपडून निर्माण करतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली शिंपडणीची रीत फार हुशार आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर ती शोभते. पण ते शिंपडलेले ठिपके डीएक्सटीच्या चार बाय चारच्या तुकड्यात आले की चार रंगांची सगळी कमाई त्या ठिपक्यांवर खर्च होते. गालाची गोलाई, ओठाची रेघ यांना काही उरत नाही. दोन वेगळ्या काळांतल्या दोन वेगळ्या काटकसरी एकमेकींवर चढतात आणि चित्र चिरडलं जातं. व्हिडिओतून सुटी चित्रं काढावीत, पीएनजी किंवा टीजीए म्हणून ठेवावीत, आणि तशीच ‘व्हीटीएफएडिट’ या व्हीटीएफ बनवण्याच्या साधनात एकदम निवडून ‘ॲनिमेटेड टेक्स्चर’ म्हणून घ्यावीत. जिफ हवंच असेल तर मित्रांना पाठवायला शेवटी वेगळं करावं.

आजच्या व्हिडिओच्या खोडी निराळ्या. जुन्या टीव्ही-कॅसेटच्या किंवा डीव्हीडीच्या व्हिडिओत एका चित्रात दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. हात हलला की त्याला कंगव्याचे दात फुटतात. ते आधी उकलायला हवं. मोबाइलच्या किंवा नेटवरून घेतलेल्या व्हिडिओत रंगांची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा चौपट विरळ ठेवलेली असते, म्हणून लाल कपड्याची कड फुटते. यावर सोपा इलाज म्हणजे मिळेल तो सर्वांत मोठा व्हिडिओ घेणं. हजार-बाराशे ठिपके उंचीचा व्हिडिओ २५६ वर आणला की रंगांची ती विरळता आपोआप भरून निघते. आणि हालचालीत कॅमेऱ्यालाच जे पुसट दिसलं ते कुठलंही साधन स्पष्ट करत नाही. बॅट फिरतानाचं चित्र पुसट असणारच. फलंदाज बॅट उगारून क्षणभर थांबतो ते आणि फटका मारून झाल्यावरचं, अशी दोन चित्रं घ्यावीत. मधली फटक्याची हालचाल पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

चित्र भिंतीवर आलं की अंतराचा प्रश्न उभा राहतो. दहा पावलांवरून २५६ ठिपक्यांचं चित्र पडद्यावर तीसेक ठिपक्यांत मावतं, आणि मग ते चमचमायला लागतं. यासाठी चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या प्रती सोबत ठेवतात, त्यांना मिपमॅप म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली मांडलेली ही कल्पना आजही प्रत्येक खेळात आहे. पण त्या प्रतींनी वजन एक तृतीयांशाने वाढतं आणि पंधरा चित्रांची अकरा होतात. (बारावं चित्र, डोक्यावरची माहिती न धरताही, नुसत्या एकशे साठ बाइटांनी हुकतं. हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, सुटत नाही.) बहुतेक जण हलत्या स्प्रेसाठी मिपमॅप बंद ठेवतात, आणि माझ्या मते ते बरोबर करतात. स्थिर चित्रांत मात्र याच प्रतींचा कुणीतरी विलक्षण उपयोग शोधून काढला. लहान प्रत म्हणजे लांबून दिसणारी. मग लहान प्रतीच्या जागी वेगळंच चित्र घातलं तर? लांबून दार दिसतं, जवळ गेलात की दारात कुणी उभं. पाहणाऱ्याच्या पावलांवर बदलणारं चित्र, आणि तेही हालचालीचे बाइट न घालवता.

हे सगळं लोकांपर्यंत पोचायचं कसं, तर तुम्ही सर्व्हरवर आलात की तुमची फाइल आधी सर्व्हरकडे जायची आणि मग तिथून इतर प्रत्येक खेळाडूकडे. आपल्याकडे बीएसएनएलची डेटावन सेवा २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. त्या वेगात अर्ध्या एमबीची एक फाइल उतरायला सोळा सेकंद, तेही दुसरं काही चालू नसताना. घरून खेळणाऱ्या मुलांना समोर रिकामी भिंतच दिसायची आणि दुसरे तिच्याकडे बघून का थांबलेत ते कळायचं नाही.

भिंत सर्वांना खुली होती, त्यामुळे तिच्यावर घाणही आली. अश्लील आणि किळसवाणी चित्रं, द्वेषाची चिन्हं, मुद्दाम लहान मुलं खेळतात त्या सर्व्हरवर. सर्व्हर चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी कोणतं चित्र कुणाचं ते दाखवणारी जोडसाधनं लिहिली आणि दोषींना हाकललं; खेळातही इतरांचे स्प्रे बंद करण्याची खूण आहे. पालकांनी ती जरूर वापरावी. पण या घाणीची किंमत पुढे चांगल्या कारागिरांनीही मोजली. २०१२ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आला तेव्हा त्यात स्प्रे नव्हताच. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘ग्राफिटी’ नावाने तो परतला, पण कंपनीने ठरवलेल्या चित्रांतूनच, आणि एका डब्यात पन्नास फवारे. संपले की नवा डबा. त्याच वर्षी आलेल्या ‘ओव्हरवॉच’मध्ये स्प्रे बक्षिसाच्या पेट्यांतून निघायचे. आज आपल्याकडची पोरं ‘व्हॅलरंट’ खेळतात; त्यातले हलते स्प्रे देखणे आहेत, निष्णात चित्रकारांनी काढलेले आहेत, आणि त्यांतला एकही खेळणाऱ्या पोराने बनवलेला नाही. कंपन्यांची अडचण मला समजते. कोट्यवधी माणसांच्या भिंतीवर पहारा ठेवणं अवघड आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला चित्र कापणं, रंग मोजणं, हालचालीतून क्षण वेचणं शिकवणारी एक शाळा यात बंद पडली, आणि तिच्या जागी दुकान आलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘टीम फोर्ट्रेस २’ आणि ‘गॅरीज मॉड’ यांच्या, लोकांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरांवर ही शाळा अजून थोडीफार भरते. मंदाकिनी फाळके आम्ही अशाच एका सर्व्हरवर लावली. एक-दोघे थांबले, एकाने इंग्रजीत विचारलं की ही कोण. भाच्याने त्याला फाळके, नाशिक, १९१९ असं सगळं लिहून सांगितलं, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोघेही मारले गेलो.

जुन्या चित्रांचं काय झालं, हा प्रश्न मला जास्त सतावतो. स्प्रेवर बनवणाऱ्याचं नाव सहसा नसे आणि त्यांतल्या पुष्कळांचा संग्रह कुणी करून ठेवला नाही. मात्र एक सोय नकळत झालेली आहे. दुसऱ्यांचे स्प्रे तुमच्या संगणकावर उतरत, आणि खेळ ते जपून ठेवी. सोर्सवरच्या खेळांत ते ‘डाउनलोड’ फोल्डरात आकडे-अक्षरांच्या निरर्थक नावांनी पडलेले असतात, शेवट ‘डॅट’ असा. त्या फाइलीचं शेपूट बदलून ‘व्हीटीएफ’ केलं की ती व्हीटीएफएडिटमध्ये उघडते आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसाने निवडलेली चित्रं एकेक करून पाहता येतात. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ मध्ये सगळ्यांचे स्प्रे ‘सीस्ट्राइक’ फोल्डरातल्या ‘कस्टम डॉट एचपीके’ या एकाच फाइलीत साठत जायचे. बंद पडलेल्या सायबर कॅफेंची मशिनं पुष्कळांच्या माळ्यावर, दुकानाच्या पोटमाळ्यावर अजून पडून आहेत. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या आणि ही एक फाइल तेवढी उतरवून ठेवा.